काल्हेरचा टोस्टर आणि मनालीचा दम

मी सँडविचचा टोस्टर बोलतोय. विजेवर चालणारा, लाल-हिरवे दिवे मिरवणारा तो नव्हे. मी गॅसवर धरायचा. दोन चौकोनी पत्रे, मध्ये बिजागरी, मागे दोन लांब मुठी आणि त्या आवळून ठेवायला एक कडी. तोंड उघडायचं, भरून घ्यायचं, मिटायचं आणि जाळावर उलटंपालटं व्हायचं, एवढंच माझं काम. पण हे काम करता करता मी एका घराची लढाई अगदी जवळून पाहिली. लढाई जिंकली विनितानं. ती स्वतःच्या तोंडानं सांगायची नाही, म्हणून मी सांगतो.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतलं, थंड झालं, कुणीतरी माझ्या कडा कानशीनं घासल्या, आणि मी भिवंडीच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या दारात लोंबकळू लागलो. खालून रिक्षा, हातगाड्या आणि कापडाच्या गाठी भरलेले टेम्पो जायचे. एके दिवशी एका चिमुरडीनं बोट वर केलं आणि तिथेच फतकल मारली. "आई, तो घे! तो घेतल्याशिवाय मी उठणारच नाही!" ती मनाली. तिची आई विनिता हसली आणि मला घेऊन काल्हेरला आली.

काल्हेरचं घर मोठं, खाऊनपिऊन सुखी. सासरे केसरीनाथ एके काळी खाडीवर जाळं टाकायचे, भातशेती करायचे. आता शेताच्या जागी गोदामं उभी राहिलीत आणि ते ओटीवर बसून येणारे-जाणारे ट्रक बघतात. त्यांचा मुलगा, विनिताचा नवरा धनेश, त्यातल्याच एका गोदामात सुपरवायझर. घरात पाहुणे आले की तांदळाची भाकरी आणि मासे, आणि रोजच्या धावपळीत मी. पांढराशुभ्र ब्रेड, दोन्ही बाजूंनी लोणी, आत बटाटा, वर चीज. माझ्या तोंडातून लोणी ठिबकायचं आणि जाळ भडकायचा. मनाली टाळ्या पिटायची. सगळे मला नावाजायचे. मलाही वाटायचं, आपण म्हणजे या घराचा लाडका जावई.

मनाली मोठी झाली तशी कबड्डीच्या मागे लागली. नववीत गेली तेव्हा शाळेच्या संघात तिच्यासारखी चढाई करणारी दुसरी नव्हती. काटकुळी, पण वाऱ्यासारखी. आणि मग खारबावच्या मैदानावर ते घडलं.

मी पाहिलं ते एवढंच, की धनेशनं तिला हाताला धरून घरात आणलं. चेहरा पांढराफटक. बाकीचं कानावर आलं: चढाईला गेली आणि अर्ध्यावरच डोळ्यांपुढे अंधारी आली. तोंडातला 'कबड्डी कबड्डी' बंद पडला आणि ती मैदानातच मटकन बसली. डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन फार खाली गेलेलं. "गोळ्या देतो," ते म्हणाले, "पण गोळ्यांनी पोट भरत नाही. ही पोरगी दिवसभर खाते काय?" खेळाच्या सरांनीही बजावलं, "रक्त सुधारल्याशिवाय मी हिला मैदानात उतरवणार नाही. तालुक्याचे सामने असोत की आणखी काही."

मनाली उशीत तोंड खुपसून रडली. विनिता रडली नाही. तिनं स्वयंपाकघरात येऊन माझ्याकडे पाहिलं, मला उचललं आणि ओट्याखालच्या कपाटात, जुन्या कुकरच्या मागे, ढकललं. "आजपासून ब्रेड बंद. रोज पोळी-भाजी."

तिथे अंधार होता, झुरळं होती. पण कान उघडे होते. रोज सकाळी पोळ्यांचा आवाज, रोज संध्याकाळी डबा घासायचा आवाज. मग एका संध्याकाळी डबा घासायचा आवाज आलाच नाही. आला तो विनिताचा.

"मनाली, हे काय? पोळी तशीच, भाजी तशीच! कालही असाच होता का? खरं सांग!"

"आई, ओरडू नकोस ना." मनालीचा आवाज बारीक झाला होता. "झाकण उघडलं की सगळं ओलं झालेलं असतं. भाजीचं तेल पोळीला, पोळीचा लगदा. मधल्या सुट्टीत आमचा सराव असतो. सर आता मला नुसतं बाजूला बसवतात, पण मी उठून गेले तर तेही जाईल. मग संघातल्या मेघालीबरोबर समोसापाव नाहीतर वेफर्सचं पाकीट, उभ्या उभ्या. तू मला उभ्यानं, एका हातानं खाता येईल असं काहीतरी दे. मी खाईन. शपथ."

मग कपाटाचं दार उघडलं, कुकर बाजूला झाला आणि विनिताच्या हातानं मला बाहेर काढलं. तिनं मला राखेनं घासलं, कोपऱ्यातलं जुनं जळकं लोणी काडीनं खरवडून काढलं. "चूक तुझी नाही रे," ती पुटपुटली. "तुझ्या तोंडात आम्ही काय घालतो, ते बघायला पाहिजे."

पहिल्याच दिवशी फजिती झाली. तपकिरी ब्रेड आणला, आत कच्चा पालक, काकडी, टोमॅटो. दुपारपर्यंत त्याचा चिखल झाला. विनितानं ब्रेडचं पाकीट उलटून वाचलं तर पहिलं नाव मैद्याचंच. मग तिनं अंगणातल्या शेवग्याचा कोवळा पाला भरला, तर तो कडू लागला आणि पहिल्या घासाला सगळा मनालीच्या गणवेशावर सांडला. केसरीनाथांनी उरलेला तुकडा चाखला आणि तोंड वाकडं केलं.

"गो विनिता, यो पाला कोनासाठी? घरात बकरी आनलीस का काय?"

धनेश हसला. विनिताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते पदरानं टिपलं आणि नव्यानं पीठ मळायला घेतलं.

त्या पिठानंच वाट दाखवली. कणीक आणि नाचणी मिसळून तिनं लांबट पोळी लाटली, तव्यावर अर्धीकच्ची भाजली, तिच्यावर सारण घातलं, घडी करून माझ्या तोंडात ठेवली आणि मुठी आवळल्या. मी आयुष्यात प्रथमच लोण्याशिवाय तापलो! कडा आपोआप चिकटल्या, वरून खमंग डाग पडले. पोळीला आतून दह्याचा चक्का फासला, की भाजीचं पाणी पोळीत उतरत नाही, हे तिला दोन-चार घाण्यांनंतर कळलं. पाला आधी लसणावर परतून घट्ट पिळला, की कडवटपणाही जातो. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, गरमागरम डब्यात कोंबायचं नाही. जाळीवर टाकून वाफ जाऊ द्यायची. डब्याचा लगदा करत होती ती वाफच.

आत शेवगा आणि उकडून ठेचलेली चवळी, वर लिंबू. मनालीनं खाल्लं. "चांगलं आहे," ती म्हणाली. पण कशी म्हणाली? पाहुण्यांच्या घरी म्हणतात तशी.

केसरीनाथ दारात उभे होते. आज त्यांनी चेष्टा केली नाही. ते आत गेले, फळीवरची सुक्या बारीक कोळंबीची बरणी काढली आणि ओट्यावर ठेवली. "यात जवला हाय. आमी खाडीवरशी येऊन भाकरीत जवला भरून खायाचो आनि सांजपोत कबड्डी खेलायचो. घाल तिला. रगत वाढेल."

"बाबा, शाळेत वास येईल," विनिता म्हणाली.

"भाज आदी. चांगला कुरकुरीत भाज, मंग लसून-मिरचीशी कूट. वास न्हाय, घमघमाट येल!"

विनितानं जवळा निवडला, धुतला, कोरडा भाजला, कुटला, लिंबू पिळलं आणि चवळीत मिसळला. माझ्या फटीतून असा काही दरवळ सुटला, की ओटीवरून धनेश चहा सोडून उठून आला.

"याला सँडविच म्हनतात का गो?" केसरीनाथांनी विचारलं.

"म्हणतात, आबा!" तोंड भरलेलं असतानाच मनाली म्हणाली. "चौकोनी आहे ना!"

दुसऱ्या दिवशी डबा रिकामा आला. पुसल्यासारखा रिकामा! विनितानं तो उजेडाकडे धरून पाहिला, मग उलटा करून पाहिला, आणि मग एकटीच हसली.

पण मनाली कुरकुरत होती. "आई, मला अर्धंच मिळालं. मेघालीनं तोडून घेतलं, बाकीच्यांनीही. उद्या जास्त दे."

दुसऱ्या दिवशी सँडविचं जास्त झाली, तिसऱ्या दिवशी आणखी. गुरुवारी जवळ्याऐवजी मोडाचे मूग आणि बीट, शनिवारी अंड्याची बुर्जी आणि भरपूर कोथिंबीर. धनेश आधी म्हणाला होता, "मला नको हे पोरांचं खाणं, गोदामाबाहेर वडापाव मिळतो." त्यानंच एक दिवस गपचूप दोन सँडविचं कागदात गुंडाळून नेली. संध्याकाळी घरी येऊन सांगू लागला, "ट्रकवाले ड्रायव्हर विचारत होते, सेठ, ये क्या चीज है? थोड़ा हमें भी चखाओ! माझ्या वाटणीला निम्मंच आलं." तेव्हापासून त्याचाही डबा सुरू झाला. विनिता पहाटेच उठायची. मी तापायचो, मिटायचो, उघडायचो. थकवा? छे! असा तरतरीतपणा मला लोण्याच्या दिवसांतही आला नव्हता.

मनाली गोळ्या वेळेवर घेत होती, जेवणासोबतचा चहा तिनं सोडला होता. पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाले, "जा, खेळ!" ही बातमी घेऊन ती घरात शिरली ती आजोबांभोवती गिरक्या घालतच.

तालुक्याच्या सामन्यांना विनितानं मलाही नेलं. सोबत छोटी शेगडी आणि शेजारणींकडून आणलेले आणखी दोन टोस्टर. मैदानाच्या कडेला, मंडपाच्या सावलीत, आम्ही तिघं ओळीनं बसलो. दिवसभर सामने. बाकीचे संघ भजी आणि रंगीत सरबतांवर तुटून पडले आणि दुपारी पेंगू लागले. आमच्या पोरी प्रत्येक सामन्यानंतर एकेक घडी हातात घेऊन, पाण्याचा घोट घेऊन, उभ्या उभ्या खायच्या. उपांत्य सामना जिंकला. अंतिम सामना लागला तो कामतघरच्या दांडग्या संघाशी.

खरं सांगायचं तर मी अर्धा सामना धुरातून पाहिला. विनितानं शेगडी बंद करायचंही सोडून दिलं होतं. ती मध्यरेषेच्या समोर मुठी आवळून उभी होती. दोन्ही संघांचे गुण सारखे आणि शेवटची चढाई मनालीची.

ती उतरली. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." आवाज खणखणीत. एकीला पायानं स्पर्श केला, मागे वळली, आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या धिप्पाड पोरीनं तिचा घोटा पकडला. दुसरी कमरेवर आली, तिसरी पाठीवर. मनाली आडवी झाली. मागच्या वेळी अर्ध्या चढाईतच तिचा दम तुटला होता. फक्त तो एकच आवाज, मातीतून येणारा, "कबड्डी, कबड्डी..." विनिताचे ओठही तिच्याबरोबर हलत होते. केसरीनाथ ओरडले, "खेच गो माजे बाय! खेच!"

मनालीनं सगळं अंग ताणलं. तीन पोरी अंगावर घेऊन ती वीतभर सरकली, आणखी वीतभर सरकली, आणि तिच्या बोटांनी मध्यरेषेची पांढरी फक्की उडवली.

पंचांची शिट्टी वाजली आणि मंडप उसळला! केसरीनाथांना हाताशी जे लागलं ते त्यांनी उचललं, म्हणजे मलाच. मला डोक्यावर धरून ते नाचू लागले. माझ्या तोंडातली शेवटची घडी उडून सरांच्या पायाशी पडली, तरी त्यांना भान नव्हतं. "आमची पोर! आमची पोर!" विनिता धावत मैदानात गेली. धुळीनं माखलेल्या मनालीनं तिच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "आई, दम पुरला गं!"

आता विनिता रडली. भर मैदानात, मनसोक्त.

पोरगी जिंकली ती तिच्या सरावानं, हे मी जाणतो. मी कुणाला चढाई शिकवलेली नाही. पण ज्या पोटातून तो आवाज येत होता, ते पोट आम्ही भरलं होतं, विनितानं आणि मी. एवढा गर्व मला करू द्या.

आता मी काळाठिक्कर झालोय. एक मूठ वितळली तिथे केसरीनाथांनी लाकडाची बसवून दिली. जिल्ह्याच्या सामन्यांना पोरींबरोबर चला, असं सरांनी विनिताला सांगितलंय. रविवारी संघातल्या पोरींच्या आया आमच्या ओट्याभोवती जमतात. कुणी सारणात तीळ घालून बघते, कुणी कांद्याची पात, आणि चुकलं तर सगळ्या मिळून खातात. केसरीनाथ मध्ये बसून प्रत्येकीच्या जवळ्यावर निकाल देतात.

माझं मागणं लहान आहे. मुलांचा डबा भरलेलाच परत आला तर मुलांवर रागावण्याआधी त्यांना विचारा, की कसा दिला तर खाशील? उत्तर सोपं असतं. दोनदा फसेल, तिसऱ्यांदा जमेल. आणि आमच्यासारख्यांच्या तोंडात जे घालाल ते मन लावून घाला. आम्ही भाजून देऊ.

बरं, येतो आता. विनितानं पीठ मळलंय, मनालीच्या मैत्रिणी दारात चपला काढतायत आणि कडी उघडलीय. आज जिल्ह्याला निघायचंय!