जोडून लिहिलेला शब्द

मित्रांनो, मी पाली गावच्या लीलाबाईंच्या पडवीतला जुना फळा. फणसाच्या लाकडाचा. १९९८ साली सुताराने मला घडवून काळा रंग दिला आणि बाईंची इंग्रजीची शिकवणी माझ्यासमोर भरू लागली.

"एसटी वाटेत बंद पडते, तेव्हा 'ब्रेक डाऊन' तोडून लिहायचं. ती क्रिया," बाई सांगत. "जोडून लिहिलं की ते नाम. दुसऱ्या शब्दाच्या आधी बसवलं की विशेषण."

मुलं सुटली की बाईंची लेक मनस्विनी मला पुसून लख्ख करायची.

दोन वर्षांनी तिचे वडील चारुदत्त यांनी तिला न विचारता तिचं लग्न ठरवलं. एका सकाळी ती पिशवी घेऊन कोल्हापूरच्या एसटीत बसली. निरोपही ठेवला नाही. बाईंनी संध्याकाळची शिकवणी मात्र चुकवली नाही. धडा 'रन अवे'वर आला होता.

"बाई, हे जोडून लिहिलं तर?" अक्षयाने विचारलं. त्या पोरीला काही ठाऊक नव्हतं.

बाईंनी जोडून लिहिलं. खडू मोडला. "पळालेली," त्या म्हणाल्या. "पळून जाणं एका सकाळचं असतं गो. पण हे..."

वाक्य अर्धंच राहिलं. शिकवणी सुटली ती कायमची. चारुदत्तांनी तो शब्द न पुसताच मला भिंतीकडे तोंड करून टेकवलं.

मग मला नुसतं ऐकू येई. वाटेवरचे लोक कुजबुजत, "त्या पळालेलीचं घर." एसटी थांबली की बाईंची पावलं दाराशी जात. "मनू?" चारुदत्त वारले, तरी ती हाक थांबली नाही. पुढे पुढे बाई आत झोपलेल्या असत आणि तरीही उंबऱ्याशी त्यांचीच पावलं वाजत.

२००७ साली मनस्विनी आली. कोल्हापुरात ती नर्स झाली होती. तिने मला वळवलं आणि तो शब्द पाहून खाली बसली.

"आई, मी आल्ये."

बाईंची स्मरणशक्ती तोवर विझत आली होती. त्यांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. "बस हो. दमलीस? माझी मनू यायची आहे. तिची एसटी आली का बघतेस?"

मनस्विनी दारात गेली. रिकाम्या वाटेकडे पाहत उभी राहिली.

"नाही आली अजून," ती म्हणाली.

ती आता इथेच राहते. रोज मला घासते. दमट दिवसांत तो शब्द तरीही वर येतो. मित्रांनो, फळ्यावरचं वेळेवर पुसत जा. खडू एकदा लाकडात मुरला की कुणाचाच हात तिथवर पोचत नाही.