पुढची बाजू पुढेच असते

मी एक टायर बोलतोय. सायकलचा, आणि तोही मागच्या चाकाचा. दचकू नका. टायरनं बोलू नये असं म्हणण्याइतकं शहाणं तुम्ही स्वतः बोलत असता, असं निदान माझ्या कानावर आलेलं नाही. पुण्यात तर मुळीच नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या साच्यात रबर दाबलं आणि मी नक्षीसकट बाहेर पडलो. माझ्या पाठीवर रबराची जाड बोटं आहेत, सगळी एकाच दिशेला टोक करून बसलेली. मी नीट फिरलो तर ती चिखल कापून बाजूला फेकतात. उलटा फिरलो तर तोच चिखल गोळा करून ठेवतात. माणसाला हे आपोआप कळणार नाही, हे कारखानदाराला ठाऊक असावं. म्हणून त्यानं माझ्या कुशीवर एक बाण उमटवला आणि शेजारी इंग्रजीत लिहिलं, फिरण्याची दिशा. याहून स्पष्ट काय सांगायचं?

स्वारगेटजवळच्या एका दुकानात मी खुंटीला लटकत असायचो. गिऱ्हाईकं यायची, अंगठ्यानं मला दाबून बघायची, जसा काही मी मंडईतलं वांगंच. दाबून झाल्यावर मान हलवायची आणि दुसऱ्याला दाबायची. बाणाकडे एकानंही पाहिलं नाही.

मग वासंतीबाई आल्या. त्यांनी मला खाली काढायला लावलं, नक्षीवरून हात फिरवला आणि बाण वाचला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या दुकानदाराला म्हणाल्या, "बसवूनच द्या." तेवढ्यात शेजारचे गृहस्थ म्हणाले, "बसवायला दुकान कशाला? सायकल आहे ती, रॉकेट नाही. मी बसवतो." हे त्यांचे यजमान, श्रीनिवासराव.

सायकल मुळात श्रीनिवासरावांनी स्वतःच्या पोटासाठी घेतलेली. पोट होतं तिथंच राहिलं आणि सायकल पार्किंगमध्ये टॉवेल वाळवू लागली. ती उचलली वासंतीबाईंनी. हडपसरला घर आणि लोणी काळभोरच्या कॉलेजात नोकरी. आधी त्या बसची वाट बघायच्या, नाहीतर नवऱ्याच्या स्कूटरची. स्कूटर खाली उभी आणि श्रीनिवासराव वर फोनवर, असा रोजचा प्रकार. सायकल हाती आल्यापासून त्या हायवे टाळून कालव्याकाठच्या कच्च्या रस्त्यानं जायच्या. एकदा मैत्रिणीला फोनवर सांगत होत्या, "अगं, कुणासाठी खोळंबायचं नाही, एवढ्यानंच माझा दिवस चांगला जातो."

तर माझा बसवण्याचा सोहळा. श्रीनिवासरावांनी पार्किंगमध्ये जुना पेपर अंथरला आणि सायकल पालथी घातली, सीट आणि हँडल जमिनीला, चाकं आकाशाला. सायकलचं काहीही काम करायचं तर तिला आधी पालथी घालायची, ही आपल्याकडची रीतच आहे. पण पुण्यात एक सायकल पालथी झाली की सल्ला द्यायला चारजण उभे राहतात. त्यांतले तिघे सोडून देऊ. चौथे आप्पासाहेब. सोसायटी ज्या शेतावर उभी आहे ते शेत यांचं, म्हणून खालच्या मजल्यावरचा फ्लॅट यांचा आणि पार्किंगमधला शेवटचा शब्दही यांचाच.

मला रिमवर चढवलं. श्रीनिवासरावांनी वरच्या बाजूचा बाण बघितला. तो हँडलकडे टोक करून होता.

"झालं. बाण पुढे."

वासंतीबाई बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, पण सायकल उलटी आहे ना?"

"उलटी असली म्हणून काय झालं? पुढची बाजू पुढेच असते, वासंती."

"साहेब बराबर बोलत्यात," आप्पासाहेब म्हणाले. "म्होरं ते म्होरंच की."

दोन कर्ते पुरुष, दोघांची डोकी शाबूत, आणि कुणालाही हे सुचू नये? पालथ्या सायकलीच्या चाकाचा वर दिसणारा भाग सायकल सरळ केल्यावर जमिनीला टेकतो. आणि चाक पुढे धावतं तेव्हा त्याचा जमिनीकडचा भाग मागे जातो. म्हणजे जमिनीपाशी बाण मागे दिसायला हवा. एक फेरा हातानं फिरवून बघितला असता तरी कळलं असतं. पण बघायला लागतं ते ज्याला शंका असते त्याला. श्रीनिवासराव दिवसभर इंग्रजीत बोलण्याचाच पगार घेतात. माझ्या कुशीवरचे दोन इंग्रजी शब्द काही त्यांना अवघड नव्हते. त्यांनी हात झटकले आणि चहा सांगितला.

डांबरावर काही बिघडलं नाही. डांबरावर मी कुठल्याही तोंडानं चालतो. पण कालव्याला पाणी सोडलं की ते पाझरून बांधाच्या चढावर चिखल होतो. तिथं माझी बोटं चिखल फेकेनात, उलट लाडू वळल्यासारखी तो धरून ठेवू लागली. मी जागच्या जागी फिरलो, सायकल थांबली आणि वासंतीबाई आडव्या झाल्या. नंतर पुन्हा एकदा. मग कोपर सोललं. मी ओरडत होतो, पण टायरचं कोण ऐकतं?

श्रीनिवासरावांनी पार्किंगमध्ये शिकवणी सुरू केली. "तू घाबरतेस. वजन मागे टाकायचं असतं. चढावर पॅडल एकसारखं मारायचं." चिखलात एकदाही न गेलेला माणूस हे सांगत होता, आणि पायांत पांढरेशुभ्र बूट.

"अहो, मला वाटतं टायरचंच काहीतरी आहे."

"आपल्याला जमत नाही की वस्तूला नावं ठेवायची," श्रीनिवासराव म्हणाले. "त्यापेक्षा ही आप्पासाहेबांना देऊन टाकू. त्यांच्या पुतण्याला हवीच आहे. तू बसनं जा, नाहीतर मी आहेच सोडायला."

वासंतीबाई सीटवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या वेळी मला त्या पार्किंगमधल्या सगळ्या शहाण्यांची मनापासून किळस आली.

रविवारी आप्पासाहेब सायकल न्यायला आले. व्यवहारी माणूस, फुकटातली वस्तूही पारखून घेणारा. "वैनी, कालव्यावर चालंल न्हवं ही? पोराला तिकडंच जायाचं हाय."

"यांना विचारा," वासंतीबाई म्हणाल्या. "चढ कसा चढवायचा ते यांना चांगलं ठाऊक आहे. दाखवतील चालवून."

श्रीनिवासरावांना नाही म्हणता येईना. तिघं बांधाशी गेली. श्रीनिवासराव बसले, वजन मागे टाकलं, पॅडल एकसारखं मारलं. सगळं शास्त्रशुद्ध. चढाच्या मध्यावर मी गरगरलो आणि ते कुशीवर धप्पकन आले. शुभ्र बुटांचं वर्णन करत नाही.

उठता उठता त्यांचा पहिला शब्द काय असावा?

"टायरच भिकार आहे!"

वासंतीबाई पडायच्या तेव्हा दोष वासंतीबाईंचा. हे पडले तेव्हा दोष माझा. मी खूप चिखल पाहिलाय, पण इतका गलिच्छ नाही.

वासंतीबाई हसल्या नाहीत. त्या खाली वाकून ओल्या मातीतले चाकांचे ठसे बघत होत्या. पुढचा टायर माझ्याच जातीचा, पण कंपनीतून बसवून आलेला. त्याच्या नक्षीची टोकं एकीकडे आणि माझी बरोबर दुसरीकडे.

"अहो, हे बघा. पुढचं चाक लोणीला निघालंय आणि मागचं घरी."

श्रीनिवासरावांनी बघितलं. मग घड्याळ बघितलं.

वासंतीबाईंनी सीटखालच्या पिशवीतून हत्यारं काढली, सायकल तिथंच पालथी घातली, मला रिमवरून उतरवलं आणि फिरवून बसवलं. आप्पासाहेबांना राहवेना. "वैनी, आता बाण माघारी दिसतोय की वो!"

"आप्पासाहेब, सायकल सरळ झाल्यावर बोलू या."

हवा भरली, सायकल सरळ झाली आणि त्या बसल्या. त्या चढावर माझी बोटं पहिल्यांदा मातीत रुतली. मी चिखल कापला, फेकला, पुन्हा कापला. आयुष्यात एकदाच मला स्वतःचा अभिमान वाटला तो तिथं. वासंतीबाई बांधावर पोचल्या, पण थांबल्या नाहीत आणि मागेही बघितलं नाही. कालव्याच्या कडेनं सरळ लोणीकडे निघाल्या.

"मंग सायकल काय मिळत न्हाई म्हना," आप्पासाहेब मागे म्हणत होते. श्रीनिवासराव काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, आणि त्यानं माझं काही अडलंही नाही.

पुढे कित्येक पावसाळे मी त्या रस्त्यावर झिजलो. आता माझी बोटं बोथट झालीत आणि नवा टायर आलाय, तो वासंतीबाईंनी स्वतः बसवला. मी पार्किंगच्या कोपऱ्यात पडून आहे. इथूनच ऐकतो, श्रीनिवासराव नव्या बिऱ्हाडकरूंना सांगत असतात, "टायर उलटा होता, हे शेवटी माझ्याच पडण्यामुळे लक्षात आलं."

जाता जाता तुम्हाला एक सांगतो. घरात कुणी एकसारखं पडत असेल, तर तिला कसं बसावं हे शिकवण्याआधी जरा वाकून चाक बघा. बघणार नाही तुम्ही, मला माहीत आहे. आधी शिकवालच.