उपासाचं मीठ

रामकिसन मास्तर कॉलेजात पोरांना रसायन शिकवायचा, पण घरात निव्वळ वेंधळा. शिकवणीच्या प्रयोगांसाठी त्यानं बेरियम क्लोराईडची पुडी आणली आणि ठेवली कुठं, तर स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर. रोजच्या मिठापासून लांब, म्हणजे कुणाचा हात लागायला नको! आता एकादशीच्या घरात लांब ठेवलेलं पांढरं मीठ म्हणजे दुसरं काय असणार? त्याची माय आवडाबाई, तिला वाटलं लेकानं आठवणीनं उपासाचं मीठ आणलं. भगर कडवट लागली, पण उपासाचं अन्न टाकायचं कसं, म्हणून तिनं ती खाल्ली.

रामकिसन कॉलेजातून पडेगावला घरी आला तेव्हा ती ओकून ओकून भिंतीला टेकली होती. "तोंडाला मुंग्या आल्यात रे. पाय उचलंना." फळीवरची उघडी पुडी दिसली आणि त्याला सगळं उमगलं.

बेरियमला सल्फेट भेटलं की पांढरा साका खाली बसतो, मग तो अंगात भिनत नाही, हे तो वर्गात झोपेतही सांगायचा. घरातलं जुलाबाचं मीठ म्हणजे सल्फेटच. पण पुस्तकाच्या भरवशावर मायचा जीव कसा टांगायचा? त्यानं दोन पेल्यांत दोन्ही मिठं विरघळवली. एकात दुसरं ओतलं, आणि पाणी दुधासारखं पांढरं झालं.

त्यानं जुलाबाच्या मिठाचा नवा पेला भरला. "माय, हे पी."

"आज एकादस हाय. उद्या पिते."

त्यानं हात जोडले, तो चिडला, रडकुंडीला आला. म्हातारी बधेना. शेवटी तो हळू म्हणाला, "माय, तू खाल्लं ते इख हाय. म्याच आणून ठिवलं."

आवडाबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि पेला घटाघटा रिकामा केला.

रिक्षात तिचा हात गार पडत चालला. साका बसला असेल का? सगळा बसला असेल का? पेल्यातलं दिसतं, पोटातलं कसं दिसणार?

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय खाल्लंत?"

मायची जीभ जड झाली होती, तरी तीच आधी बोलली. "उंदराचं औषध. म्या बाजारातून आणलं व्हतं. पोराला काय बी ठावं नाय."

बाई तेच लिहू लागल्या. नोकरी, पोलीस, गावाची तोंडं, सगळं रामकिसनच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. पण चुकीच्या विषावर उपचार झाले तर माय हातची जायची.

"खोटं हाय ते," तो म्हणाला. "बेरियम क्लोराईड. मी आणलं."

बाईंनी लिहिलेलं खोडलं आणि नर्सला दुसरंच सलाईन लावायला सांगितलं.

"येडं हाय माझं," माय नर्सला म्हणाली. "त्याला कुणी बोलू नका."