माझ्या पोटातलं लोखंड

जुना म्हणावं इतकं माझं वय नाही, मित्रांनो. पण मी ज्या घरात राहतो तिथे सगळे मला ‘तो जुना’ म्हणतात, म्हणून मीही तसंच सांगतो. मी एक जुना अँप्लिफायर आहे. टेपमधून येणारा बारीकसा आवाज मोठा करून स्पीकरकडे पाठवायचा, एवढंच माझं काम. चांदूर बाजारजवळच्या एका गावात, देवराव आबांच्या खाटेशेजारच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझं एक बटण सैल झालं आहे, अंगावर धूळ बसली आहे, आणि तरीही मला स्वतःचं नवल वाटायचं काही थांबत नाही. का, ते सांगतो.

माझा जन्म अमरावतीचा. तिथे गयासुद्दीन मिस्त्रींचं अँप्लिफायर बनवायचं दुकान होतं. तांब्याची तार हातानं गुंडाळून ट्रान्सफॉर्मर करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बँडवाले आणि मंडळवाले त्यांच्याकडून जी यंत्रं नेत, ती उचलायला दोन माणसं लागत. पण मी जन्मलो त्या साली बोंडअळीनं कपाशी आतून पोखरली होती. लग्नं साधेपणानं उरकली, मंडळांनी जुन्याच यंत्रांवर भागवलं, आणि मिस्त्रींच्या हाताला काम उरलं नाही.

तेव्हा त्यांची मुलगी कहकशाँ दुकानात बसू लागली. ती पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकली होती. एके दिवशी तिनं पार्सल फोडून तळहाताएवढ्या दोन हिरव्या पट्ट्या अब्बांपुढे ठेवल्या. त्या होत्या क्लास डी नावाच्या नव्या जातीच्या अँप्लिफायरच्या तयार मॉड्यूल. तोच माझा जीव, मित्रांनो!

मिस्त्रींनी एक पट्टी चिमटीत धरून उलटसुलट केली. “हे खेळनं आवाज करन?”

“करन ना अब्बा. आनि तापनार बी नाई.”

तिनं त्यांना माझ्या आतली गंमत समजावली. जुन्या अँप्लिफायरमध्ये वीज नळाच्या पाण्यासारखी कमीजास्त सोडतात, आणि तिच्यातली बरीचशी उष्णता होऊन वाया जाते. माझ्या आत वीज फक्त चालू होते आणि बंद होते. सेकंदाला काही लाख वेळा! किती वेळ चालू आणि किती वेळ बंद, एवढ्यावरच सगळा आवाज घडतो. शेवटी तारेचं एक वेटोळं ती उघडझाप गाळून टाकतं आणि मागे गाणं उरतं. हे मी शंभरदा ऐकलं आहे. तरी नुसत्या चालू-बंदमधून बासरी कशी निघते, याचा अचंबा मला आजही वाटतो.

कहकशाँनं मला मन लावून घडवलं. जुन्या कपाटाच्या फळ्यांचं खोकं केलं. नांदगाव पेठेच्या एका कारखान्यातून भंगारात आलेला ॲल्युमिनियमचा पत्रा घासून माझा चेहरा केला. वर उचलायला मूठ बसवली. पहिल्यांदा मला सुरू केलं तेव्हा मिस्त्री स्पीकरपाशी वाकून बघत राहिले आणि म्हणाले, “चालू हाये का बंद?” इतकी माझ्यात शांतता होती. मग तिनं गाणं लावलं, आणि मिस्त्री दचकून मागे सरकले. मला कोण अभिमान वाटला!

माझं पहिलं गिऱ्हाईक होती सत्यवती. तिनं वावरातली कपाशी उपटून झेंडू लावला होता. फुलं विकायला ती अमरावतीला येई. त्या दिवशी रिकाम्या टोपल्या बाहेर ठेवून ती दुकानात शिरली.

“चाचा, घरी दोन मोठे पेटारे हायेत स्पीकरचे. त्यायले चालन असं यंत्र पायजे. मामाजीले एक कॅसेट आयकाची हाये.”

मामाजी म्हणजे तिचे सासरे देवराव. तरुणपणी ते भजनात हार्मोनियम वाजवत. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी घरीच स्वतःचं गाणं कॅसेटवर भरलं होतं. गाणं संपतासंपता त्यांची बायको माणिकबाई दारात येऊन हळूच काहीतरी बोलली होती. रेकॉर्डिंग बिघडेल म्हणून देवरावांनी तिला गप केलं, आणि पुढे विचारायचं राहूनच गेलं. माणिकबाई आता नव्हती. देवरावांचा डावा कान कधीच गेला होता. उजवाही वर्षभरात जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरातल्या लहानशा टेपवर तिचे शब्द काही केल्या उमटत नव्हते.

“कान जायच्या आंदी ती काय म्हने ते मले आयकाचंच हाये, असं म्हनतात,” सत्यवती म्हणाली.

कहकशाँनं मला पुढे केलं. सत्यवतीनं मूठ धरून मला उचललं, आणि तिचा चेहरा पडला. “हे तं लयच हलकं हाये. अंदर काई हाये का नाई?”

मित्रांनो, आमच्या वऱ्हाडात अँप्लिफायर असाच पारखतात. आधी उचलून बघायचा. हात खाली ओढला गेला तर माल चांगला. मिस्त्रींनी मुलीकडे पाहिलं आणि सत्यवतीला म्हणाले, “बेटी, उद्या ये. तयार ठेवतो.”

ती गेल्यावर त्यांनी माझं पोट उघडलं. कहकशाँनं मला वीज द्यायला एक छोटासा अडॅप्टर लावला होता. तो त्यांनी काढला आणि त्याच्या जागी स्वतःच्या हातानं गुंडाळलेला शेवटचा ट्रान्सफॉर्मर बसवला. अडीच किलोचं लोखंड! मला उचलल्यावर तोल जाऊ नये म्हणून तो त्यांनी बरोबर मुठीखाली, मधोमध ठेवला. आणि तिथूनच तर आवाज आत आणणारी माझी नाजूक तार जात होती.

“अब्बा, तारेपाशी नका ठेवू. याची गुनगुन तारेत येईन.”

“गिऱ्हाईक कानाच्या आंदी हातानं आयकते, बेटा. मी चाळीस साल पायलं हाये.”

तिनं झाकणाचे स्क्रू आवळले. दुसऱ्या दिवशी सत्यवतीनं मला उचललं, तिचा हात खाली ओढला गेला, आणि ती समाधानानं हसली. मला मात्र जेवणात दगड गिळल्यासारखं झालं होतं.

घरी मला सुरू केलं, आणि कहकशाँचं भाकीत खरं ठरलं. स्पीकरमधून एकच घुंऽऽ येऊ लागलं. देवरावांचं जुनं गाणं त्यातूनही ऐकू आलं. पण माणिकबाई दारात आली तिथे घुंऽऽशिवाय काही नव्हतं. देवरावांनी ती जागा सात वेळा मागे घेऊन लावली. मग टेप बंद केला आणि भिंतीकडे तोंड केलं. मला इतकी लाज वाटली की जळून जावं असं वाटलं. ज्या शांततेसाठी मला घडवलं, तीच मी गमावून बसलो होतो.

सत्यवतीनं दुकानात फोन केला. दोन दिवसांनी भर दुपारी बापलेक एसटीनं गावात आले. मिस्त्रींनी माझं झाकण उघडलं, आणि तेवढ्यात लाइन गेली. भारनियमन! आता संध्याकाळपर्यंत वीज येणार नव्हती.

“आज काई होत नाई,” मिस्त्री उठू लागले.

कहकशाँनं कोपऱ्यात पाहिलं. तिथे फवारणीचा पंप होता, पाठीवर घ्यायचा, बॅटरीवर चालणारा. “ताई, याची बॅटरी चार्ज हाये का?”

“सकाळीच फवारनी केली. आर्धी असन.”

“मंग बस झालं. याले तेवढीच लागते.”

तिनं अब्बांच्या ट्रान्सफॉर्मरच्या तारा सोडल्या आणि पंपाची बॅटरी मला जोडली. टेप सेलवर चालणारा होता. मी जागा झालो, आणि माझं मलाच कळेना की मी जागा आहे. घुंऽऽ नाही, खरखर नाही. मिस्त्री पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, “चालू हाये का बंद?”

देवरावांनी बटण दाबलं.

आता जे झालं ते सांगताना मला अजून शब्द सापडत नाहीत. हार्मोनियमचा भाता वर उचलला गेला, तो आवाज आला. मग त्या दुपारच्या चिमण्या आल्या. पंचवीस वर्षांपूर्वीच्या चिमण्या, मित्रांनो! गाणं संपत आलं. काकणं वाजली. एका बाईनं श्वास घेतला. ती बोलायला धजत नव्हती, हे त्या श्वासात कळत होतं. आणि मग ती बोलली.

“मले बी एक म्हनू द्या ना.”

लगेच तेव्हाच्या देवरावांचा आवाज आला, “गप! रेकॉर्डिंग चालू हाये.” मग काकणं दूर गेली. पुढे टेप कोरा होता.

देवरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “एवढंच मांगे ती,” ते म्हणाले. “एक गानं. अन् मी तिले गप म्हटलं.”

मिस्त्रींनी खिशातून स्क्रू काढायचा पेचकस घेतला. आपल्या हातचा तो शेवटचा ट्रान्सफॉर्मर त्यांनी माझ्या पोटातून सोडवला, मांडीवर घेतला, आणि त्यावरून एकदा हात फिरवला. “बेटा,” ते कहकशाँला म्हणाले, “तुहं आयकाले पायजे होतं मी.” मग त्यांनी पिशवीतून तिचा छोटा अडॅप्टर काढला आणि तिच्याच हातात दिला. तो त्यांनी बरोबर आणला होता!

देवरावांनी डोळे पुसले आणि सुनेकडे वळले. “तू कधी गानं म्हनतं का वं?”

सत्यवती लाजली. “वावरात, फुलं तोडता तोडता. कोनी आयकत नसन तवा.”

“मंग म्हन. मी आयकतो.”

त्यांनी स्वतः टेपचं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. माणिकबाईची काकणं जिथे दूर गेली होती, त्याच्या पुढच्या कोऱ्या टेपवर सत्यवतीचं गाणं उतरलं. तिचा सूर दोनदा हलला. कोणी तिला गप केलं नाही.

त्यानंतर वर्षभर देवरावांनी ती कॅसेट रोज ऐकली. मग डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, त्यांचा उजवा कानही गेला. पण अजून रोज दुपारी सत्यवती मला सुरू करते. देवराव आपला तळहात स्पीकरच्या कापडावर टेकवतात आणि डोळे मिटतात. माणिकबाईचं बोलणं आलं की त्यांची बोटं हलतात. हातानं ऐकणारा माणूस असतो, हे मिस्त्री खरंच बोलले होते. फक्त त्यांनी सांगितला तो हात वेगळा होता.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसली तरी मला पुरे. मी हलका दिसलो म्हणून मला रिकामा समजू नका. आणि तुमच्या घरात दारात उभं राहून कोणी हळू आवाजात काही म्हणत असेल, तर हातातलं यंत्र बंद करा आणि त्याला पुन्हा विचारा. मी आवाज कितीही मोठा करू शकतो. पण माणिकबाईनं न म्हटलेलं ते गाणं मला कधीच वाजवता येणार नाही.