चिमणीचा उभा धूर

कोरपन्याकडच्या शेतकऱ्यांचा भरवसा टीव्हीवरच्या बातम्यांपेक्षा सिमेंट कारखान्याच्या चिमणीवर जास्त. धूर उगवतीला वाकला की हवा कोरडी; मावळतीला वाकला की समजायचं, बंगालच्या समुद्राकडची ओल येतेय. दोन दिवस धूर मावळतीला वाकलेला होता आणि रीताच्या जिवाला थारा नव्हता. कापलेल्या सोयाबीनची गंजी उघड्या शेतात, थ्रेशर उद्या येणार. त्याआधी गंजी भिजली तर दाण्याला कोंब फुटून अख्खं वर्ष मातीत. ताडपत्री एकच, ती गंजीवर.

आज दुपारी धूर सरळ उभा राहिला. झाडाचं पानही हलेना. रीतानं सुटकेचा श्वास सोडला. दोन शेतांमधल्या धुऱ्यावर येऊन शेजारची म्हातारी रंभाबाई म्हणाली, "माय, रातच्या दवासाठी ताडपत्री देशीन काय? माही गंजी उघडीच हाय." रीतानं ती काढून देऊनही टाकली. उदार व्हायला माणसाला मुहूर्तही नेमका असाच सापडतो!

थोड्या वेळानं तिची मुलगी दिव्यानी शाळेतून आली ती गंजीपाशीच थबकली. उडालेला भुसा खाली पडतच नव्हता, तरंगत वर वर चालला होता.

"आई, ताडपत्री कुठी हाय?"

"रंभाबाईले देल्ली. वारा नाई, तं पाऊस कुठून येईन?"

"नाई कसा? उभा वाहून राह्यला! दोन दिवसाची ओल घेऊन गरम हवा वर चढून राह्यली. वर गार झाली का तिचंच पाणी होते. धूर काऊन सरळ चालला, पाह्य ना!"

रीतानं वर पाहिलं. माथ्यावर ढग फुगत काळा होत होता. आपलीच ताडपत्री आपण परत घ्यायची, त्यात पाप कसलं, असं स्वतःला बजावत ती धुरा ओलांडून धावली.

रंभाबाई एकटीच ताडपत्रीशी झटत होती. एक टोक ओढावं तर दुसरं सुटायचं. रीताला पाहून तिचा चेहरा उजळला.

"बरं झालं आली माय. आभाळ पाह्यलं अन् वाटलंच मले, तू येशीन म्हणून. धर तिकडून."

रीतानं टोक धरलं. टपोरा थेंब तिच्या मनगटावर पडला. मागून दिव्यानी ओरडत होती, "आई, लवकर आण!"

धूर जसा वर गेला होता, तसाच सरळ पाऊस खाली आला. रीतानं ताडपत्री रंभाबाईच्या गंजीवर ताणली, टोकावर दगड ठेवला, आणि मग तिला रडू फुटलं.