घुमणारी जागा

दोन मेट्रोमार्ग जिथे एकमेकांना छेदत, त्या जमिनीखालच्या दालनात पाऊल टाकताना ध्वनी-अभियंता बाईंची मान आपसूक वर जाई. एवढे शहर डोक्यावर घेऊनही त्या छताच्या कमानी किती सहज उभ्या होत्या! मात्र तिथली घोषणा कुणालाच कळत नसे. शब्द कमानींवर आदळत आणि चुरा होऊन खाली पडत. हा घुमारा मोडायचे काम बाईंकडे आले. छताला आणि दालनातून फुटणाऱ्या चारही वाटांच्या तोंडाशी त्यांनी आवाज पिणारे जाड तक्ते बसवले. घोषणा लख्ख झाली. साहेबांनी पाठ थोपटली.

मग बाईंनी कौतुकाने आपल्या मामाला आणले. मामा जन्मांध. वाद्यदुरुस्तीच्या दुकानात जाताना तो वर्षानुवर्षे इथेच गाडी बदलत आला होता, तोही एकट्याने. वडिलांमागे भाचीला त्यानेच वाढवले होते. पण रस्त्यात कुणी त्याचा दंड धरला, की त्याचे डोके फिरे.

जिना उतरून मामा थांबला. त्याने जीभ टाळ्याला लावून टक् केले. कान दिला. पुन्हा टक्. गर्दी त्याला वळसा घालून वाहत राहिली.

"पोरी, भिंती कुठे गेल्या गं?"

"आहेत तिथेच. तू घोषणा तर ऐक, मामा."

"झकास आहे. पण ती गाडीचा पत्ता सांगते, माझा नाही."

मग त्याने समजावले, तेही न कुरकुरता, आणि तेच बाईंना जास्त लागले. डावीकडची वाट म्हणे त्याच्या टक्‌ला चिडक्या म्हातारीसारखी लगेच उत्तर द्यायची, समोरची सावकाश, खोल आवाजात; आता चौघींच्याही तोंडात कुणी बोळा कोंबला होता. एवढे बोलून त्याने हात पुढे केला.

"धर. नेऊन सोड मला."

तो हात बाईंना पेलवेना.

वाटांच्या तोंडाशी बसवलेले तक्ते काढायचे म्हणताच साहेब वैतागले. झालेल्या कौतुकावर पाणी का फिरवता, असे त्यांनी विचारले. घोषणा बिघडली तर जाब तुम्हीच द्यायचा, असेही बजावले. बाई कबूल झाल्या. छताचे तक्ते राहिले, वाटांचे उतरले. घोषणा किंचित जाडसर झाली, तरी शब्द न् शब्द कळत होता. डोळे मिटून चालून पाहताना बाई एका खांबाला धडकल्या आणि सवयीने "माफ करा" म्हणाल्या.

मामा पुन्हा आला. बाई हात पाठीमागे बांधून त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. टक्. तो थांबला. टक्.

"समोरचीचा घसा बसलाय."

"ओळखू येतेय का पण?"

"सर्दी झाली म्हणून माणूस परका होतो होय?"

आणि तो निघाला. खांब चुकवत, माणसे चुकवत, त्या भव्य पोकळीतून तो असा गेला, की त्याला पाहण्याच्या नादात बाईंना चालायचे भानच राहिले नाही. धापा टाकत त्या फलाटावर पोचल्या, तेव्हा गाडीचे दार मिटले होते. आत मामा दांडीला धरून उभा होता आणि शेजारच्या प्रवाशाला काहीतरी सांगत हसत होता.