शालिग्राम डॉक्टरांची थुंकदाणी

शालिग्राम डॉक्टरांचा राउंड म्हणजे रोजची फौजदारीच. ज्याला उत्तर आलं नाही, त्यानं पुढच्या खाटेपासून रोग्यांची थुंकदाणी हातात धरून हिंडायचं, असा त्यांचा कायदा. नागपूरला शिकताना त्यांनीही ती धरली होती. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं ते सांगायचे. देवपण राहिलं बाजूला, मोतीराम आणि बशीर हे त्यांचे दोन शिकाऊ सफाईनं खोटं बोलायला मात्र शिकले.

वरवट बकालचा कडूबा तापानं फणफणत, पोट धरून आला. डॉक्टर घाईत होते. खाटेच्या पायथ्याशी उभं राहूनच त्यांनी विचारलं, "पानथरी लागते?" हिवतापात डाव्या बरगडीखालची पानथरी फुगते, हे दवाखान्यातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं.

मोतीरामनं पोट चाचपलं. "हो साहेब."

बशीरनं चाचपलं. "हो साहेब."

डॉक्टरांनी हिवतापावरचं कोयनेल लिहून दिलं आणि ते पुढे गेले.

तिसऱ्या दिवशी कडूबा गेला. पोट फळीसारखं ताठ झालं होतं. आतडं फुटलं होतं, हे डॉक्टरांना हात लावताक्षणी कळलं. पण हात त्यांनी आज पहिल्यांदाच लावला होता. बाहेर त्याची बायको अंबूबाई पेजेचा गडू घेऊन बसली होती. तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"मले पानथरी लागलीच नव्हती साहेब," बशीर हळूच म्हणाला. "उजवीकडे हात ठेवला का तो कण्हत होता."

"मग बोलला का नाहीस?"

बशीरनं कोपऱ्यातल्या थुंकदाणीकडे पाहिलं. डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी राउंडला पहिल्याच खाटेवर हिवतापाचे उकंडराव होते. त्यांची पानथरी डॉक्टरांच्या बोटांना चांगली लागत होती. तरी ते मुद्दाम म्हणाले, "मला काही लागत नाही. तुम्हाला?"

"नाही साहेब," मोतीराम लगेच म्हणाला.

बशीर बराच वेळ चाचपत राहिला.

"मले लागते साहेब," तो म्हणाला, आणि कुणी काही बोलायच्या आत त्यानं आपणहून वाकून थुंकदाणी उचलली.

डॉक्टरांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"आण इकडे. ती माझी आहे."

ती धरूनच ते पुढच्या खाटेशी गेले. ती खाट कडूबाची होती.